नवख्याची चिलीम

मुलांनो, तापी नदी आपल्या जळगाव जिल्ह्यात शिरण्यापूर्वी तिच्या काठी बऱ्हाणपूर नावाचे एक जुने शहर लागते. आज ते मध्य प्रदेशात आहे; परंतु मोगलांच्या अमलात खानदेश सुभ्याचा कारभार तेथूनच चाले, आणि दक्षिणेतून आग्र्याकडे जाणारा राजमार्गही त्याच शहरावरून जाई. इसवी सन १६०४ च्या सुमारास असद बेग नावाचा अकबर बादशहाचा एक सरदार विजापूरच्या दरबारातील कामगिरी आटोपून उत्तरेकडे परत निघाला. बादशहाला नजर करण्याकरिता त्याने अनेक मौल्यवान वस्तू बरोबर घेतल्या होत्या. त्यांतच एक सुंदर थैली होती, आणि त्या थैलीत तंबाखू होती. राजमार्ग एकच असल्यामुळे ती थैली आपल्या खानदेशाच्या मातीवरूनच पुढे गेली असली पाहिजे.

तंबाखू ही मूळची अमेरिकेतील वनस्पती. पोर्तुगीजांनी ती हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आणली आणि तेथून ती विजापुरापर्यंत पोहोचली. उत्तरेकडे मात्र ती तोवर अपरिचित होती. असद बेग मोठा चतुर होता. त्याने ती वाळलेली, तपकिरी पाने तशीच बादशहापुढे ठेवली नाहीत. सुमात्रा बेटातील आचे येथून आलेली तीन हात लांबीची एक उत्तम नळी त्याने मिळविली. तिच्या दोन्ही टोकांस रत्ने जडविली आणि मिन्याचे काम केले. ओठांशी धरावयाच्या टोकाला येमेनी अकीकाचे सुबक मुख बसविले. विस्तवासाठी सोन्याचे पात्र केले. मग हे सारे साहित्य एका रुपेरी तबकात मांडून त्याने ते बादशहासमोर नेले.

अकबराने कुतूहलाने विचारले, हे काय आहे? खान-ए-आझम जवळच होता. त्याने सांगितले की, ही तंबाखू होय; मक्का-मदिनेत ती सर्वांच्या परिचयाची असून हुजुरांसाठी औषध म्हणून आणली आहे. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले. इतक्यात त्याचा हकीम अस्वस्थ झाला व त्याने अधिक ओढू दिले नाही. या पदार्थाविषयी आमच्या ग्रंथांत काहीही लिहिलेले नाही, तेव्हा न पारखलेली वस्तू हुजुरांना कशी द्यावी, असा त्याचा आक्षेप होता. असद बेगाने उत्तर केले की, कोणतीही चाल आरंभी नवीनच असते. उभयतांचा पुष्कळ वाद झाला. अकबराने पुढे तंबाखूची सवय लावून घेतली नाही. परंतु दरबारातील अमीर-उमरावांनी ती असद बेगाकडे मागून घेतली, व्यापाऱ्यांनी ती विक्रीस आणली, आणि पाहता पाहता ती सर्वत्र पसरली. १६१७ साली जहांगीर बादशहाने तंबाखू ओढण्यास बंदी केली. तोपर्यंत फार उशीर झाला होता.

या हकिगतीत तंबाखूपेक्षा ते रुपेरी तबक अधिक लक्षात ठेवण्याजोगे आहे. ज्याने पूर्वी कधीही धूर ओढलेला नाही अशा माणसाकरिता ते सजविले होते. जुन्या ओढणाऱ्याला रत्नजडित नळीची गरज नसते. तो मातीच्या चिलमीवरही संतुष्ट असतो. सारी सजावट नवख्यासाठीच करावी लागते. असे का, हे समजण्यासाठी त्या पानात काय आहे ते प्रथम पाहू.

तंबाखूच्या झाडाला किडीपासून आपले रक्षण करावयाचे असते. म्हणून ते आपल्या मुळांत एक विष तयार करते आणि ते पानांत साठविते. या विषाचे नाव निकोटीन. झां निको नावाच्या फ्रेंच वकिलाने १५६० साली पोर्तुगालमधून तंबाखू फ्रान्सच्या दरबारी पाठविली, त्याच्या नावावरून हे नाव पडले. १८२८ साली जर्मनीतील दोन शास्त्रज्ञांनी हे द्रव्य पानातून वेगळे काढले. आपल्याकडील जुन्या शेतकऱ्यांना शास्त्रीय नाव ठाऊक नव्हते, पण गुण ठाऊक होता. पिकावर मावा पडला, की तंबाखूची पाने उकळून त्यांचा काढा फवारण्याची रीत होती. त्या फवाऱ्याने मावा मरत असे.

असे विष पहिल्या झुरक्याबरोबर घशात गेले, की मनुष्य खोकतो. डोळ्यांत पाणी येते, डोके गरगरते, मळमळते, कधी ओकारीही होते. आपल्या शरीराने दारावर बसविलेला हा प्रामाणिक पहारेकरी आहे. तो ओरडून सांगतो, "परका आत येत आहे!" बहुतेक मुले या पहारेकऱ्याचे ऐकून तेथेच थांबली असती. म्हणून, ज्यांना ही वस्तू खपवावयाची आहे त्यांच्यापुढे चारशे वर्षे एकच प्रश्न आहे: या पहारेकऱ्याला झोपवावे कसे?

हुक्क्यात धूर पाण्यातून नेला. त्यामुळे तो थंड होऊन घशाला मऊ लागतो. पण पाण्याने विष धुऊन निघत नाही. विडीने दुसरा मार्ग धरला. टेंभुर्णीच्या पानात चिमूटभर तंबाखू वळली, की ती इतकी लहान व इतकी स्वस्त झाली, की घ्यावी की न घ्यावी असा विचारच कोणी करीना. सिगारेटीत पुदिन्याचा गारवा आला. गुटख्यात सुपारी, वेलदोडा आणि अत्तरी वास आला. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, ती तुम्ही ऐकली असेलच. चुन्याची गोष्ट तर फारच बोलकी आहे. तळहातावर तंबाखू मळताना तिला चुना का लावतात? चवीसाठी, असे सांगण्यात येते. वस्तुतः चुना हा अल्कधर्मी असल्यामुळे पानातील निकोटीन मोकळे होते आणि तोंडाच्या कातडीतून चटकन रक्तात शिरते. मळणाऱ्याला रसायनशास्त्र येत नसेल. पण चुन्याला ते येते!

आता आपण आपल्या काळातील चिलमीकडे येऊ. तिला ई-सिगारेट म्हणतात. वेप हे तिचे दुसरे नाव. पेटवल्यावाचून ओढावयाच्या सिगारेटीची कल्पना हर्बर्ट गिल्बर्ट नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने १९६३ सालीच मांडली होती. परंतु ती बाजारात आली नाही. आजच्या यंत्राचे जनकत्व चीनमधील होन लिक या औषधशास्त्रज्ञाकडे जाते. तो स्वतः फार सिगारेटी ओढीत असे. २००३ साली त्याने हे यंत्र सिद्ध केले.

त्याची रचना तुम्ही निरांजनावरून सहज समजू शकाल. निरांजनात तूप असते, कापसाची वात असते आणि ज्योत असते. या यंत्रात तुपाच्या जागी एक पातळ द्रव असतो. वात कापसाचीच असते. आणि ज्योतीच्या जागी धातूच्या बारीक तारेचे वेटोळे असते. बॅटरीतील वीज तारेतून गेली, की ती पेटल्यावाचून तापते. वातीतील द्रवाचे त्यामुळे धुके होते, आणि ते धुके ओढणारा छातीत घेतो. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन ही दोन द्रव्ये, निरनिराळे वास आणि बहुधा निकोटीन असते. येथे तंबाखूचे पान जळत नाही, म्हणून सिगारेटीतील डांबर येथे नसते, हे खरे. परंतु बाहेर येते ती भाताच्या पातेल्यावरची वाफ नव्हे. ते रसायनांच्या अतिसूक्ष्म थेंबांचे धुके असते. तार फार तापली, की त्यात फॉर्मल्डिहाइड नावाचे घातक द्रव्य तयार होते. शास्त्रज्ञांनी तपासले तेव्हा त्यात निकेल, क्रोमियम व शिसे यांचे कणही सापडले आहेत.

त्या हकिमाचा आक्षेप या ठिकाणी पुन्हा आठवतो. द्रवातील आंब्याचा किंवा लोण्याचा वास खाण्याच्या पदार्थात चालतो, म्हणून तो निर्धोक आहे, असे विक्रेते सांगतात. पण पोट निराळे आणि फुप्फुस निराळे. जे गिळण्यासाठी पारखलेले आहे, ते श्वासातून घेण्यासाठी पारखलेले आहे असे होत नाही. लोण्याचा वास देणारे डायअसेटिल हे द्रव्य पाहा. अमेरिकेत मक्याच्या लाह्यांच्या कारखान्यांत ते श्वासावाटे छातीत गेल्याने कामगारांची फुप्फुसे कायमची निकामी झाली. त्याच लाह्या खाणाऱ्यांना मात्र काही झाले नाही.

मध्यंतरी आमच्या जिल्ह्यातील एका शाळेत मला बक्षीस समारंभासाठी बोलावले होते. समारंभापूर्वी मुख्याध्यापकांच्या खोलीत बसलो असता, त्यांनी खणातून एक वस्तू काढून माझ्यापुढे ठेवली. गुलाबी रंगाची, बोटभर लांब, गुळगुळीत. तिला ना बटण, ना झाकण. मला ती वह्यांत ओळी रंगविण्याची लेखणी वाटली. वास मात्र हापूस आंब्याचा येत होता. सातवीतल्या एका मुलाच्या कंपासपेटीत ती सापडली होती. मुलगा दाराशीच उभा होता.

"सर, ही सिगारेट नाही," तो खालच्या मानेने म्हणाला. "नुसती वाफ आहे. आतेभाऊ सुट्टीत आला होता, त्याने दिली."

"त्याने काय सांगून दिली?" मी विचारले.

"तो म्हणाला, नवीन माणसाला हीच बरी. हिने ठसका लागत नाही."

मुलगा खोटे बोलत नव्हता. ठसका खरोखरच लागत नसे. त्याचे कारण ऐका. निकोटीन हे स्वभावतः अल्कधर्मी असल्याने घशाला झोंबते. त्यात बेंझॉइक आम्लासारखे एखादे आम्ल मिसळले, की त्याचा क्षार बनतो आणि त्याची झोंब पुष्कळ कमी होते. मग पूर्वी जितके निकोटीन घशाने सोसले नसते, तितके तो मुकाट्याने आत घेतो. चुन्याने जे तोंडात केले, त्याच्या उलट रीतीने आम्लाने तेच घशात साधले. पहारेकरी झोपला, चोर मात्र पूर्वीपेक्षा धट्टाकट्टा झाला.

मी ती वस्तू उलटून पाहिली. तिच्या तळाशी बारीक अक्षरांत द्रवाचे प्रमाण २ मिलिलिटर आणि निकोटीन ५ टक्के असे छापले होते. आम्ही त्या मुलालाच हिशेब करावयास बसविले. ५ टक्के म्हणजे १ मिलिलिटरात सुमारे ५० मिलिग्रॅम. तेव्हा २ मिलिलिटरात १०० मिलिग्रॅम. एक सिगारेट ओढल्याने माणसाच्या अंगात साधारणतः १ ते दीड मिलिग्रॅम निकोटीन जाते. यंत्रातील सर्वच निकोटीन अंगात उतरत नाही, हे लक्षात घेतले तरी, त्या बोटभर वस्तूत कित्येक पाकिटांचा ऐवज भरलेला होता. सिगारेट निदान संपते तरी. ती किती ओढली हे थोटकांवरून मोजता येते. हिचे थोटूक नाही आणि राखही नाही. मुलाने आकडेमोड बरोबर केली. उत्तर लिहून झाल्यावर तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला.

"नवीन माणसाला हीच बरी" हे वाक्य मी त्यानंतर पुष्कळदा मनात घोळविले. नवख्यास सोयीचे असे कोणते गुण या यंत्रात असतात? ते लहान असते, म्हणजे आईबापांच्या व शिक्षकांच्या नजरेस पडत नाही. त्याला बटण नसते. ओठांशी धरून श्वास घेतला की पुरे, म्हणजे शिकण्याचे कष्ट नाहीत, आणि कष्ट नाहीत म्हणून विचार करण्यास उसंतही नाही. ते गोड असते. ते खोकवीत नाही. सायकल शिकणाऱ्याला आपण लहान सायकल देतो ती तो पडू नये म्हणून. पोहणाऱ्याच्या कमरेला भोपळा बांधतो तो बुडू नये म्हणून. येथे सोय आहे ती नवख्याने माघारी फिरू नये याची. तेव्हा नवख्यासाठी यातले चांगले यंत्र कोणते, या प्रश्नाला मला तरी एकच उत्तर सुचते: जे यंत्र नवख्याला जितके सोयीचे, तितके ते त्याला अधिक वाईट.

ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेत २०१५ साली जूल नावाचे एक यंत्र निघाले. ते संगणकाला लावावयाच्या पेनड्राइव्हसारखे दिसे, आणि त्यात हेच निकोटीनचे क्षार होते. त्या देशात नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांची दरवर्षी पाहणी होते. मागील ३० दिवसांत ई-सिगारेट ओढली असे सांगणारे विद्यार्थी २०१७ साली शेकडा ११.७ होते, २०१९ साली ते शेकडा २७.५ झाले. म्हणजे चार मुलांत एकाहून अधिक! पुढे तेथे बंधने आली, पालक जागे झाले आणि २०२४ साली हे प्रमाण शेकडा ७.८ पर्यंत उतरले. ज्या मुलांना मधल्या काळात सवय जडली, त्यांना ती सोडविताना काय यातना झाल्या, हे अशा आकड्यांत दिसत नाही.

कोणी म्हणेल, इंग्लंडात तर डॉक्टरच सिगारेट सोडू इच्छिणाऱ्यांना हे यंत्र सुचवितात. ते खरे आहे, आणि ते लपविण्याचे कारण नाही. ज्याच्या छातीत वीस वर्षे डांबर साचले आहे, त्याला जळत्या सिगारेटीहून हे कमी घातक, असा तेथील वैद्यांचा विचार आहे. आगीत सापडलेल्या माणसाने माडीवरून उडी टाकावी हे योग्यच. अंगणात खेळणाऱ्या मुलाने माडीवर चढून उडी टाकण्याचे काय कारण? त्याच इंग्लंडात, वापरून फेकून देण्याच्या रंगीत वेपच्या विक्रीवर १ जून २०२५ पासून बंदी आली. मुलांच्या हाती पडत होत्या त्या मुख्यतः याच.

मुलांच्या बाबतीत ही काळजी अधिक का? ओढलेले निकोटीन अवघ्या काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. मनुष्याच्या मेंदूची घडण वयाच्या सुमारे पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू असते. लक्ष देणे, शिकणे, मनाला आवर घालणे ही कामे करणारे त्याचे भाग सर्वांत शेवटी पक्के होतात. ओल्या मातीवर उमटलेले पाऊल भाजलेल्या विटेवर जसे कायम राहते, तशी या वयातील सवय खोल रुतते. रोज ओढू लागण्यापूर्वीच काही मुलांना तिची ओढ लागल्याचे आढळले आहे.

आपल्या देशाने याबाबत वेळीच पाऊल उचलले. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने ई-सिगारेटवरील बंदीचा निर्णय जाहीर केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात संसदेचा कायदा झाला. या कायद्याने ई-सिगारेट तयार करणे, परदेशातून आणणे, वाहून नेणे, विकणे, वाटणे व तिची जाहिरात करणे हे सर्व गुन्हे ठरले आहेत. पहिल्या गुन्ह्यास १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही. पुन्हा केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद व ५ लाखांपर्यंत दंड. त्याशिवाय, कोणत्याही मुलाला तंबाखूचा पदार्थ देणाऱ्यास २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. शाळेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. या साऱ्या तरतुदींत एक गोष्ट ध्यानात येईल. कायद्याचा बडगा विकणाऱ्यावर व देणाऱ्यावर आहे. फसलेल्या मुलावर नाही. म्हणूनच अशा मुलाने भिऊन गप्प बसण्याचे कारण नाही.

आपल्या महाराष्ट्रात मुळात धूर सोडणारे लोक कमी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी धूम्रपान करणारे शेकडा ३.८ आढळले, तर तंबाखू, मिसरी वगैरे तोंडात धरणारे शेकडा २४.४. त्यामुळे आमच्याकडील मुलाला आजोबांच्या चंचीतली तंबाखू ती तंबाखू, आणि ही गुलाबी लेखणी म्हणजे काहीतरी आधुनिक, असे सहज वाटते. दोहोंतील निकोटीन एकच आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

त्या मुलाला मुख्याध्यापकांनी छडी मारली नाही, की वर्गासमोर उभेही केले नाही. त्याने आपण होऊन सांगितले, की अलीकडे दुसऱ्या तासाला त्याचे मन लागेनासे झाले होते आणि मधल्या सुट्टीची तो घायकुतीने वाट पाही. हीच ती ओढ. वस्तू दूर केल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप नीट लागत नाही, डोके दुखते. दोन-चार आठवड्यांत हे पुष्कळ ओसरते. त्याच्या वडिलांना त्याच दिवशी बोलावून घेण्यात आले. केळीच्या बागेतून ते तसेच मातीच्या पायांनी आले होते. सोडू पाहणाऱ्यांसाठी सरकारने १८००-११-२३५६ हा दूरध्वनी क्रमांक ठेवला असून त्यावर फुकट सल्ला मिळतो. तो क्रमांक त्यांनी आपल्या छोट्या वहीत उतरवून घेतला, आणि मग मुलाच्या हातातून त्याने केलेल्या हिशेबाचा कागद मागून घेऊन, घडी घालून, तोही त्याच वहीत ठेवला.

स्वाध्याय

१. असद बेगाने तंबाखू बादशहापुढे कशा रीतीने मांडली? लेखकास ते तबक महत्त्वाचे का वाटते?
२. 'पहारेकरी' हा शब्द लेखकाने कोणाला उद्देशून वापरला आहे? त्याला झोपविण्याचे कोणकोणते उपाय पाठात आले आहेत?
३. चुना आणि आम्ल यांची कामे एकमेकांच्या उलट असूनही परिणाम एकच कसा होतो, ते आपल्या शब्दांत लिहा.
४. आपल्या शाळेच्या फाटकापासून ९१ मीटर अंतर दोरीने मोजा. त्या अंतरात कोणकोणती दुकाने येतात व तेथे काय विकले जाते, ते पाहून वहीत लिहा.
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : ढुंकून न पाहणे, घायकुतीला येणे, मुकाट्याने, उसंत.